आत कोण आहे ते सगळ्यांना माहीत असतं

मागच्या वर्षी गौरी यायच्या दोन दिवस आधी नाशिकच्या मेनरोडला गेलो होतो. आमच्या धाकट्या गौरीच्या मुखवट्याचा कान उडाला होता आणि आईचं म्हणणं, असा खंडित मुखवटा बसवायचा नाही, नवीन आण. दुकानात पितळेचे, शाडूचे, प्लास्टरचे, फायबरचे असे मुखवटे ओळीनं मांडलेले, दुकानवाल्या मावशींना म्हटलं एकच पाहिजे तर त्या म्हणाल्या, "दादा, एकटी नाही देत, जोडीनंच जातात त्या." मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि एकेक मुखवटा कॅमेऱ्यासमोर धरायला लागलो. एक उचलला तो पाठमोरा होता, म्हणजे कॅमेऱ्याकडं त्याची आतली पोकळ बाजू, आणि आई पलीकडून म्हणते, "ही छान आहे रे, पण ही माझ्याकडं वळून वळून का बघतीये?"

मी म्हटलं आई, ही आतली बाजू आहे. नाक खड्ड्यात आहे. तिला पटेना. मग मी पण फोनच्या स्क्रीनवर बघितलं आणि खरंच, खड्डा कुठंच दिसत नव्हता, चांगला बाहेर आलेला, गाल फुगलेला चेहरा दिसत होता आणि मी हात जरा हलवला की तो उलट्याच बाजूला मान फिरवत होता. अंगावर काटाच आला एकदम.

ह्या प्रकाराला पोकळ मुखवट्याचा भ्रम म्हणतात आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी तो खूप गाजवला. भानगड अशी आहे की डोळ्यांकडून येणारी माहिती मेंदू जशीच्या तशी स्वीकारत नाही, आधीच्या अनुभवाशी ताडून बघतो, आणि आयुष्यभरात आपण लाखो चेहरे बघितलेले असतात पण नाक आत गेलेला चेहरा एकही बघितलेला नसतो. मग समोर तसा चेहरा आला तरी मेंदू म्हणतो छे, असं असूच शकत नाही, आणि खड्ड्याचा उंचवटा करून टाकतो. जवळून दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर खोली कळते, पण कॅमेऱ्याला एकच डोळा, म्हणून आई फसली. घरी करून बघा, मुखवटा चारपाच फुटांवर उलटा ठेवायचा, एक डोळा मिटायचा आणि हळूहळू डावीउजवीकडं सरकायचं. त्याहून गंमत म्हणजे २००९ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या पेशंटवर हा प्रयोग झाला तेव्हा ते फसलेच नाहीत, त्यांना खड्डा खड्डाच दिसला. म्हणजे जे आपण निरोगी डोकं म्हणतो ते चेहऱ्याच्या बाबतीत फसायला एका पायावर तयार असतं.

आणि ही तयारी जन्मापासूनची. जन्मून काही तासच झालेल्या बाळासमोर दोन ठिपके वर आणि एक खाली असं चित्र हलवलं तर ते मान वळवून त्याच्या मागं जातं, तेच ठिपके विस्कटून ठेवले की तेवढं जात नाही. मेंदूच्या खालच्या भागात कानामागच्या बाजूला एक छोटा पट्टा आहे जो चेहरा दिसला की इतर वस्तूंपेक्षा कितीतरी जास्त पेटतो, नॅन्सी कॅनविशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो नीट दाखवून दिला. स्विचबोर्डात, गाडीच्या हेडलाइटमध्ये, पापडावरच्या डागात आपल्याला तोंडं दिसतात ती ह्याच्याचमुळं. तर मुखवटा बनवणाऱ्याला फार काही करावंच लागत नाही, दोन भोकं आणि एक चीर, बाकीचं काम बघणाराच करतो. ज्यूडियाच्या वाळवंटात आणि आसपासच्या डोंगरांत दगडी मुखवटे सापडलेत, साधारण ९००० वर्षांपूर्वीचे, भांडी भाजायची कला त्या भागात तेव्हा रुजायची होती पण मुखवटा होता.

आता हे झालं डोळ्यांचं. पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे आणि ते मला मेनरोडला नाही, सुरगाण्याकडं कळलं.

आपल्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबक ह्या पट्ट्यात आणि पलीकडं जव्हार-मोखाड्याला होळीनंतर बोहाडा होतो, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव. कुठं तीन रात्री, कुठं पाच, सात. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर अशी सगळी मंडळी. रात्री उशिरा संबळ सुरू होतं, टेंभे पेटतात (आता हॅलोजन पण असतात, चालायचंच) आणि मग एकेक सोंग येतं. गणपती, सरस्वती, मग नरसिंह, त्राटिका, रावण, वेताळ असं करत करत शेवटच्या रात्री पहाटेकडं जगदंबा आणि महिषासुराची लढाई. माझा सातपूरच्या कंपनीतला एक मित्र तिकडचा, त्यांच्या घराकडं जगदंबेचं सोंग आहे. बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुठल्या घराकडं हे ठरलेलं असतं, तो मान असतो, कुणी पण उठून कुठलं पण सोंग घेतलं असं चालत नाही. त्याचे वडील थकले म्हणून तीनेक वर्षांपासून हा घेतो. सीएनसी मशीनवर बारा तासांची शिफ्ट मारणारा माणूस, पण त्या आठवड्यात सुट्टी नाही दिली तर नोकरी सोडीन म्हणतो.

मी गेलो तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारबाबांना विचारलं, आत कोण आहे माहितीये का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की ह्याला काही कळतं का. म्हणाले, "अरे अमक्याचा पोरगा तो, नाशकाला कंपनीत हाये." आणि पुढच्या मिनिटाला सोंग समोर आलं तसे तेच बाबा उठले, टोपी काढली आणि वाकून पाया पडले. हे माझ्या डोक्यातून जाईना. कारण मी तोवर जे वाचलं होतं त्यात मुखवट्याचा अर्थ म्हणजे लपणं. चेहरा झाकला की ओळख जाते, ओळख गेली की माणूस मोकाट सुटतो. इथं तर ओळख कुठंच गेली नव्हती, अख्ख्या गावाला बापासकट माहीत होता.

आधी ती लपण्याची बाजू बघू, कारण ती खोटी नाहीये. अमेरिकेत हॅलोविनला पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेट मागत फिरतात. १९७६ मध्ये छापून आलेला एड डीनर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आहे, सिएटलमधली २७ घरं आणि १३०० च्या वर पोरं. घरातली बाई सांगायची की एकच चॉकलेट घ्या हां, आणि आत निघून जायची, आणि कुणीतरी लपून मोजत बसायचं. काही पोरांना आधी नाव आणि पत्ता विचारला, काहींना नाही विचारला. एकटं आलेलं आणि नाव सांगितलेलं पोर, त्यातल्या शंभरात सातआठांनीच जास्तीचं उचललं. घोळक्यात आलेली, नाव न सांगितलेली, त्यांच्यातल्या शंभरात सत्तावन्नांनी. आपल्याकडं रंगपंचमीला तोंड रंगलेली पोरं काय काय करतात ते बघितलेल्या माणसाला ह्यात नवीन काही नाही.

पण इथंच थांबलं की गडबड होते आणि बरेच लोक इथंच थांबतात. १९७९ चा दुसरा एक प्रयोग आहे, जॉन्सन आणि डाउनिंग यांचा. कॉलेजच्या मुलींना सांगितलं की दुसऱ्याचं उत्तर चुकलं की त्याला शॉक द्यायचा, किती जोराचा ते तुम्ही ठरवा (शॉक खोटाच होता). अर्ध्या मुलींना अंगभर झगा, गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांची ती कू क्लक्स क्लान संघटना घालते तसला, आणि अर्ध्यांना नर्सचा ड्रेस. आता नाव-गाव झाकलं की माणूस मोकाट सुटतो हे खरं असेल तर दोन्हीकडं शॉक वाढायला पाहिजेत ना? नर्सच्या ड्रेसमधल्या मुलींची ओळख लपवली तर त्यांनी शॉक उलट कमी केले. म्हणजे झाकल्यामुळं जे रिकामं झालं ते अंगावरच्या सोंगानं भरलं. गुंडाचं सोंग असेल तर गुंड, नर्सचं असेल तर नर्स.

२०१७ चा एक अजून छान आहे, चार आणि सहा वर्षांच्या पोरांना एक अतिशय कंटाळवाणं काम दिलं कॉम्प्युटरवर, शेजारी आयपॅडवर गेम सुरू, मन लागलं नाही तर खुशाल जा म्हणून सांगितलं. ज्या पोरांना बॅटमॅन किंवा असल्याच कुणाचं सोंग दिलं होतं आणि मधे मधे विचारत होते की "बॅटमॅन काम करतोय का?" ती सगळ्यात जास्त वेळ टिकली. "मी काम करतोय का?" असं स्वतःलाच विचारत बसलेली सगळ्यात लवकर उठली. आमच्या कंपनीवाल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग भो, मी त्या सगळ्या रात्री उपवास कसा काढतो असं तुला वाटतं? माझ्याच्यानं एरवी एकादशी होत नाही." सोंग घेणाऱ्यानं ते दिवस पाळायचे असतात त्यांच्याकडं, दारू नाही, मटण नाही, चप्पल नाही.

मराठीनं हे कधीच ओळखलंय असं मला वाटतं. आपल्याकडं सोंग घ्यायचं असतं, ढोंग करायचं असतं, दोन्हीत खोटेपणा आहे पण ढोंगी ही शिवी आणि सोंगाड्या हा लाडका माणूस. पैशाचं सोंग मात्र आणता येत नाही असं म्हणतात, म्हणजे बाकी सगळ्याचं आणता येतं हे आधीच गृहीत. आणि २०२० मध्ये तोंडाला लावायची ती पट्टी आली तेव्हा कुणीच तिला मुखवटा म्हटलं नाही, भाजीवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळे मास्कच म्हणाले, कारण मुखवट्याला स्वतःचं तोंड लागतं. इंग्रजीत माणसाला पर्सन म्हणतात तो शब्द लॅटिन पर्सोना वरून आलाय आणि त्याचा मूळ अर्थच नाटकातला मुखवटा. ग्रीकांकडं नटाला हिपोक्रितेस म्हणायचे, त्याचंच पुढं दांभिक माणसासाठी हिपोक्रिट झालं. तिकडं नटाचा ढोंगी झाला, आपल्याकडं सोंगाड्या नटच राहिला. आपला व्यक्ती हा शब्द मात्र व्यक्त वरून, जे उघड झालं ते. ह्याच्यावर एक वेगळा लेख होईल, असो.

तर मी मनाशी अशी विभागणी केलीये, कुठल्या पुस्तकातली नाही. एक, आत कोण आहे हे माहीत नसावं म्हणून घातलेला मुखवटा. दोन, आत कोण आहे हे माहीत असूनही चालणारा मुखवटा.

पहिल्याचं सगळ्यात नामी उदाहरण व्हेनिस. तिथं अठराव्या शतकात लोक वर्षातले जवळजवळ सहा महिने मुखवटा घालून हिंडायचे, जत्रेपुरता नाही. बाउता नावाचा पांढरा मुखवटा, खालच्या बाजूला पुढं आलेला, म्हणजे न काढता खातापिता यायचं आणि आवाज पण बदलायचा. शहर बेटांवरचं, चिंचोळ्या गल्ल्या, सगळे सगळ्यांना ओळखतात, अशा ठिकाणी सरदार आणि सावकार आणि कर्जबाजारी एकाच टेबलावर जुगार खेळणार कसे? म्हणून १६३८ ला सुरू झालेल्या सरकारी जुगारखान्यात जायला बाउता लागायचाच. बायकांचा मोरेत्ता नावाचा काळा गोल मुखवटा होता, त्याला दोरी नाही, आतून एक बटण, ते दातात धरायचं. म्हणजे तोंड उघडून बोललात की मुखवटा पडला! कुणाच्या डोक्यातून निघालं असेल हे, पण बाईचं नक्कीच नसणार. १७९७ मध्ये नेपोलियननं व्हेनिस घेतलं आणि हे मुखवटे घालून हिंडणं बंद पडलं, आता दिसतो तो कार्निव्हल १९७९ नंतर पुन्हा उभा केलेला, बराचसा टुरिस्टांसाठी. ती लांब चोच असलेली डॉक्टरची मुद्रा सगळ्यांना माहीत असते, ती सतराव्या शतकातली प्लेगच्या डॉक्टरांची, दूषित हवेनं रोग होतो असं वाटायचं म्हणून चोचीत सुगंधी पाला भरायचे.

मेक्सिकोत ह्याचंच टोक बघायला मिळतं. तिथल्या कुस्तीत पैलवान मुखवटा घालून खेळतात आणि हरलेल्याचा मुखवटा उतरवणं म्हणजे त्याची अब्रू घेणं. एल सांतो नावाचा चंदेरी मुखवट्याचा पैलवान, चाळीसेक वर्षं लोकांना त्याचा चेहराच माहीत नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये त्यानं टीव्हीवर एकदाच मुखवटा जरासा वर केला, पुढच्याच महिन्यात हार्ट अटॅकनं गेला आणि पुरला तो मुखवट्यासकट.

दुसऱ्या जातीचे मुखवटे मात्र मला जास्त भारी वाटतात. अमेरिकेत ॲरिझोनामधले होपी लोक आहेत, त्यांच्याकडं हिवाळ्यापासून जुलैपर्यंत कात्सिना येतात, म्हणजे पाऊस आणणारे, पूर्वजांसारखे देवगण, मुखवटे घालून नाचतात. लहान पोरांना ते खरेच वाटतात, वाटू दिलं जातं. मग एका वयात दीक्षा होते आणि तेव्हा कळतं की आत आपलेच काका-मामा होते. आपल्याला वाटेल आता संपलं, पोरगं म्हणेल फसवलं मला. पण तसं थांबत नाही, तिथूनच तर पुढची पायरी सुरू होते, आता ते पोर मोठ्यांच्यात गेलं, आता कधीतरी त्यालाच मुखवटा घालायचाय आणि धाकट्यांपाशी तोंड मिटून ठेवायचंय.

पोरांचं काय होतं ह्याच्यावर १९६९ चा एक मजेशीर प्रयोग आहे, रीटा डी व्हरीज नावाच्या बाईंचा. मेनार्ड नावाचं एक अतिशय शांत मांजर (शांतच असणार, दुसऱ्या मांजरानं हात लावू दिला नसता). आधी पोरांनी त्याला कुरवाळायचं, मग त्याचं तोंड आडोशाला करून त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवायचा, शेपटी पूर्ण वेळ पोरांसमोरच. आणि मग विचारायचं हे काय आहे आता? तीन वर्षांची बरीच पोरं म्हणाली कुत्रा. भुंकेल, कुत्र्याचं खाणं खाईल. सहा वर्षांच्यांनी सांगितलं की मांजरच आहे, नुसता मुखवटा घातलाय. बोहाड्याला माझ्या मित्राची अडीच वर्षांची पोरगी बाप सोंग चढवताना शेजारी बसून बघत होती, आणि मुखवटा तोंडावर गेला त्या क्षणाला जी किंचाळून आईला बिलगली ती पहाटेपर्यंत. आम्ही हसलो सगळे. पण तिच्या हिशेबानं बाप गेला होता आणि त्याच्या जागी दुसरंच कुणी उभं होतं, आणि ते म्हातारबाबा जे करत होते ते तरी ह्याहून किती वेगळं होतं? फरक एवढाच की त्यांना दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरता येत होत्या, पोरीला एकावेळी एकच.

आता न हलणारा चेहरा जिवंत कसा वाटतो ह्याच्याकडं येतो. जपानमध्ये नो नावाचं नाटक आहे, सहाशे वर्षांहून जुनं, झेआमी नावाच्या नट-नाटककारानं त्याला घडवलं. मुखवटे हिनोकी नावाच्या सायप्रसच्या जातीच्या लाकडाचे, आणि डोळ्यांची भोकं इतकी बारीक की नटाला जवळपास काहीच दिसत नाही, स्टेजच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या अंदाजानं तो चालतो. बाईचा मुखवटा हसतोय की रडतोय ते कळत नाही, मुद्दामच तसा कोरलेला. नट मान जरा वर करतो त्याला तेरु म्हणजे उजळणं म्हणतात, खाली करतो त्याला कुमोरु म्हणजे ढग येणं. २००० साली मायकेल लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुखवट्याचे वेगवेगळ्या कोनातले फोटो जपानी आणि ब्रिटिश लोकांना दाखवले. निघालं काय, तर मुखवटा पुढं झुकलेला असला की लोकांना जास्त करून हसरा वाटला आणि मागं झुकलेला दुःखी, म्हणजे नाटकवाल्यांच्या सांगण्याच्या बरोबर उलट! कारण साधं आहे, ओठ हे गोल पृष्ठभागावर कोरलेले असतात, कोन बदलला की त्यांची कोपरं वर किंवा खाली गेल्यासारखी दिसतात आणि मेंदू ते स्नायू हलल्यासारखं वाचतो. जपानी लोकांचं मात्र खूपच पुढं झुकलेल्या मुखवट्याला पुन्हा दुःखाकडं वळलं, म्हणजे ढग त्यांना दिसला. मान खाली घालणं म्हणजे काय हे त्यांच्या अंगात मुरलेलं असेल, असा माझा आपला अंदाज.

हे वाचल्यावर मी घरच्या गौरींकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. आमच्याकडं स्टँडला मुखवटा बसवताना आजी कायम म्हणायची, "हनुवटी जरा खाली घे, रुसल्यासारखी दिसतीये." तिला कुठल्या प्रयोगाची गरज पडली नव्हती.

मुखवटे बनतात कशाचे ह्याची पण एक वंशावळ आहे. बोहाड्याचे जुने मुखवटे लाकडाचे, अंगावर घेऊन नाचायचं म्हणजे हलकं लाकूड बघावं लागतं, तरी जगदंबेचा मुखवटा दहा मिनिटांत मानेचा काटा ढिला करतो असं मित्र म्हणतो. आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. आणि हे काही नवीन खूळ नाही, भरताच्या नाट्यशास्त्रात प्रतिशीर्ष म्हणजे मुखवटे कसे करायचे ते दिलेलं आहे, बेलफळाच्या गरात कापड भिजवून, राख नाहीतर तूस मिसळून थर द्यायचे आणि वाळलं की डोळ्या-तोंडाच्या जागा कापायच्या. पश्चिम बंगालमध्ये पुरुलियाच्या छाऊ नाचाचे मुखवटे चारिदा गावात असेच कागद, माती, कापडाचे होतात. छाऊचे तीन प्रकार, पुरुलिया आणि सराईकेलाला मुखवटा आहे, मयूरभंजला नाहीच, तिथं चेहरा उघडा ठेवतात. कोकणात शिमग्याला संकासुर असतो काळ्या तोंडाचा, पांढऱ्या दाढीचा. बहुतेक सगळीकडं मुखवट्याआड पुरुषच, बाईचं सोंग असलं तरी, आमच्या जगदंबेला मिशा आहेत. ह्याला एक जोरदार अपवाद सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचा, तिथं सांदे म्हणून बायकांची संस्था आहे आणि काळाभोर चकचकीत, उंच कपाळाचा, मिटल्या तोंडाचा सोवेई मुखवटा बायकाच घालून नाचतात, वयात आलेल्या मुलींना संस्थेत घेताना.

आणि देवच मुखवटा घालतो तेव्हा? त्र्यंबकेश्वरला दर सोमवारी पंचमुखी मुखवटा पालखीतून कुशावर्तावर जातो आणि स्नान करून परत येतो, पिंड जागची हलत नाही. म्हणजे देवाला बाहेर पडायला चेहरा लागतो. उलटं घडलं ते वणीच्या गडावर. सप्तशृंगीच्या अठरा हातांच्या मूर्तीवर वर्षानुवर्षं शेंदराचे लेप बसत गेले होते, २०२२ मध्ये ते काढले, हजार किलोच्या वर शेंदूर निघाला आणि आतलं मूळ कोरीव रूप दिसलं. नवीन फोटो पहिल्यांदा आईला दाखवला तर ती बराच वेळ बघत राहिली, म्हणाली सुंदर आहे रे, पण मी लहानपणापासून जिला आई म्हणाले तिचा चेहरा वेगळा होता. अभ्यासकांसाठी शेंदूर हा वरचा थर होता, आईसाठी तोच चेहरा. दोघांपैकी कुणाला चूक म्हणायचं ते मला ठरवता आलेलं नाही.

शहरातल्या मुखवट्यांवर जास्त बोलत नाही. कॉलेज रोडला दुपारी दोन वाजता उभं राहा, स्कूटीवरच्या निम्म्या पोरी स्कार्फ अशा गुंडाळतात की डोळ्यांचे गॉगलच फक्त दिसतात, ऊन आणि धूळ हे एक कारण आणि मागं बसलेला कोण हे घरच्यांना कळू नये हे दुसरं, पहिल्या कारणाच्या आड दुसरं मजेत राहतं. व्हेनिसची बाउता ती हीच. आणि तोंडाच्या मास्कवरून कोविडमध्ये जी भांडणं झाली ती पण पहिली नव्हेत, १९१९ मध्ये फ्लूच्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोत मास्कविरोधी लीग निघाली होती. त्याच्या आधी १९१०-११ ला मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला तेव्हा वू लिएन-तेह या डॉक्टरांनी गॉझ आणि कापसाचा मास्क वापरायला लावला, एका फ्रेंच डॉक्टरांनी त्यांचं ऐकलं नाही, तसेच पेशंट तपासले आणि काही दिवसांत प्लेगनंच गेले.

एक शेवटचं, कारण तारीख जवळ आलीये. आफ्रिकेत मालीमध्ये बांदियागाराच्या कड्यांवर डोगोन लोक राहतात. त्यांचा सिगी नावाचा उत्सव साठ वर्षांनी एकदा येतो, गावोगाव फिरत काही वर्षं चालतो आणि त्यात सापासारखा कित्येक फूट लांब मोठा मुखवटा नव्यानं कोरतात, तो तोंडावर घालतच नाहीत, घालण्याजोगा नसतोच. मागचा सिगी १९६७ ते १९७३ झाला, म्हणजे पुढचा २०२७. आमचा सिंहस्थ पण २०२७ लाच. इथं रस्ते खोदून ठेवलेत, घाटांची कामं चाललीत, रोज पेपरात बातमी. तिकडं त्या भागात गेली कित्येक वर्षं यादवी चाललीये, गावं उठलीत. साठ वर्षं म्हणजे ज्यानं मागचा पोरवयात बघितला तो आता म्हातारा, आणि सगळं त्याच्याच आठवणीवर. बोहाड्याचं निदान दर वर्षी होतं, विसरायला वेळ मिळत नाही.

त्या रात्री महिषासुर पडला तेव्हा उजाडत आलं होतं. मित्रानं मुखवटा उतरवला, त्याच्या आईनं त्याला धुतलेल्या फडक्यात गुंडाळून आत नेलं, मुखवट्याला म्हणजे, मित्राकडं तिनं बघितलं पण नाही. कपाळावर दोरीचा वळ, गालाला शेंदूर तसाच. आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत टपरीवर चहा घेतला. रात्री तो टपरीवाला अंगणात आडवा पडून जगदंबेच्या पायाशी नारळ ठेवत होता, मी बघितलं होतं. आता तो गाळणीतून चहा ओतता ओतता मित्राला म्हणाला, "मागच्या होळीचे एकशे चाळीस राहिलेत तुझे, ते कवा देणार?" मित्रानं खिसे चाचपले, माझ्याकडं बघितलं, आणि मी पाकीट काढलं.